टायरचा पिवळा दिवा लागला, आता काय?

धाराशिव, प्रतिनिधी

धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग नळदुर्ग आणि उमरगा गाठून कर्नाटकात उतरतो, तर सोलापूर–धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा अशी गावे घेत बीडकडे निघतो. सोलापूर–येडशी हा टप्पा चौपदरी झाल्यापासून येथील मोटारींचा वेग पूर्वीचा राहिलेला नाही. देवदर्शनाला येणाऱ्या साध्या मोटारींच्या जोडीने पुणे, मुंबई आणि हैदराबादच्या महागड्या स्पोर्ट्‌स कारही आता या रस्त्यांवर नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. अशा वेळी भर वेगात असताना डॅशबोर्डवर एक पिवळी आकृती उजळते. आकार घोड्याच्या नालेसारखा, तळाशी दाते आणि मध्ये उद्‌गारचिन्ह. टायरचा आडवा छेद घेतला तर जसा दिसेल तसे हे चित्र असून, टायरमधील हवेचा दाब कमी झाल्याची किंवा तो मोजणारी यंत्रणाच बिघडल्याची सूचना त्यातून दिली जाते.

बहुतेक चालक हा दिवा पाहून दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण घाबरून महामार्गाच्या मधल्या पट्ट्यातच गाडी थांबवतात, तर काही जण 'सेन्सर खराब झाला असेल' असे म्हणून तशीच पुढे दामटतात. दोन्ही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. त्यातही दुसरी सवय अधिक घातक म्हटली पाहिजे, कारण सेन्सरचा खोटा इशारा आपण समजतो तितका वारंवार घडत नाही.

या दिव्याकडे दुर्लक्ष करण्याला आता कायद्याचीही बाजू आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे टायर फुटून ती खोल खड्ड्यात कोसळली आणि आतील एका तरुणाचा मृत्यू झाला. टायर फुटणे ही दैवी घटना आहे, त्यात चालकाचा दोष नाही, असे म्हणत विमा कंपनीने भरपाईच्या आदेशाविरुद्ध अपील केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते फेटाळले. अतिवेग, टायरमधील कमी किंवा जादा हवा, वापरून झालेले जुने टायर, तापमान ही टायर फुटण्याची कारणे असू शकतात आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची अवस्था पाहणे हे चालकाचे काम आहे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. थोडक्यात, टायर फुटण्याला 'देवाची करणी' म्हणण्याची सोय उरलेली नाही. ज्या गाडीत हवा कमी झाल्याचे सांगणारा दिवाच बसवलेला आहे, तिच्या चालकाला तर 'मला कळले नाही' असे म्हणणे अधिकच अवघड जाईल.

आपल्याकडे प्रत्येक अपघातानंतर 'टायर फुटला' हे कारण तत्काळ पुढे केले जाते, हेही येथे नमूद केले पाहिजे. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी खासगी बसला झालेल्या अपघातात २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला, तेव्हाही सुरुवातीला टायर फुटल्याचेच सांगण्यात आले. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र तसा पुरावा आढळला नाही. तरीही त्या मार्गावर टायरची तपासणी करून झिजलेल्या टायरची वाहने परत पाठवण्याची मोहीम परिवहन विभागाला हाती घ्यावी लागली. झिजलेली आणि कमी हवेची टायर घेऊन वेगवान मार्गावर चढणाऱ्यांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही, एवढे त्यावरून दिसते.

दिवा आला कोठून?

चाकातील हवेचा दाब चालकाला बसल्या जागी सांगणारी यंत्रणा प्रवासी मोटारीत प्रथम आली ती एका स्पोर्ट्‌स कारमध्येच. पोर्शे कंपनीच्या ९५९ या गाडीत १९८६ मध्ये ती बसवण्यात आली होती. तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या गाडीला ही चैन नव्हती, गरज होती. सर्वसामान्यांच्या गाडीत ही यंत्रणा येण्यास मात्र मोठी दुर्घटना घडावी लागली. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवरील फायरस्टोन टायरचे थर वेगात सुटू लागले, गाड्या उलटल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवली. त्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तयार होणाऱ्या सर्व हलक्या वाहनांत हा दिवा सक्तीचा झाला. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना तो लागू केला.

आपल्याकडे अशी सरसकट सक्ती झाली नाही. तरीही चाकणला तयार झालेल्या महिंद्र एक्सयूव्ही ५०० च्या वरच्या श्रेणीत २०११ मध्येच ही सोय होती आणि आता क्रेटा, सेल्टॉस अशा घराघरांत पोहोचलेल्या गाड्यांच्या वरच्या श्रेणींतही ती आढळते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने तिला आणखी एक बळ दिले. साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनात ही यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीची पेटी असेल, तर स्टेपनी बाळगण्याचे बंधन उरले नाही. स्पोर्ट्‌स कारमध्ये स्टेपनीला मुळातच जागा नसते. म्हणूनच या गाडीत तो पिवळा दिवा साध्या गाडीपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. येरमाळ्याच्या पुढे, रात्री अकरा वाजता, डिकीत फक्त एक फेसाची बाटली आणि छोटा पंप असताना पंक्चर होणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

मराठवाड्यात अशा गाड्या कोठून येणार, असे कोणी म्हणेल. त्यांना ऑक्टोबर २०१० ची आठवण करून द्यावीशी वाटते. तेव्हाच्या औरंगाबादमधील मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी विकत घेतल्या होत्या आणि त्या सुमारे ६५ कोटींच्या सौद्याची चर्चा देशभर झाली होती. गाड्या येतात. मागे पडते ती त्यांची देखभाल जाणणारी व्यवस्था.

मोजणारा आणि अंदाज करणारा

ही यंत्रणा दोन प्रकारची असते आणि आपल्या गाडीत कोणती आहे हे कळल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय लागू पडत नाही. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकात, रिमच्या आतल्या बाजूला व्हॉल्व्हच्या मुळाशी, काड्यापेटीहूनही लहान असा एक सेन्सर असतो. तो हवेचा दाब व तापमान मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या गाड्यांत या लहरी ४३३ मेगाहर्ट्‌झच्या असतात, तर अमेरिकेसाठी बनवलेल्या अनेक गाड्यांत ३१५ मेगाहर्ट्‌झच्या. परदेशातून आणलेली जुनी स्पोर्ट्‌स कार किंवा तिची मागवलेली चाके येथील यंत्रणेशी 'बोलत' नाहीत, त्याचे एक कारण हे असते. स्पोर्ट्‌स कारमध्ये जवळपास नेहमी हाच प्रकार असतो.

दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. ब्रेकसाठी बसवलेल्या एबीएस यंत्रणेचे सेन्सर प्रत्येक चाक किती वेगाने फिरते हे मोजतच असतात. एखाद्या टायरमधील हवा कमी झाली की ते किंचित बसते, त्याची त्रिज्या कमी होते आणि तेवढेच अंतर कापायला ते चाक इतर तिघांपेक्षा थोडे अधिक फिरते. हा फरक टिपून संगणक अंदाज बांधतो. डॅशबोर्डवर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसत असतील तर बहुधा पहिला प्रकार आहे, आणि आकडे न दिसता फक्त दिवा लागत असेल तर दुसरा असण्याची शक्यता मोठी.

या अंदाज करणाऱ्या यंत्रणेचे दोन दोष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. चारही चाकांतील हवा महिनोन्‌महिने सारखीच उतरत गेली, तर ते ओळखणे तिला जड जाते, कारण तुलनेला वरचढ चाक उरत नाही. आणि टायर बदलले, जागा बदलल्या किंवा हवा भरली की तिला 'हे आता योग्य आहे' असे बटण दाबून किंवा पडद्यावरून सांगावे लागते. येथेच मोठी चूक होते. दिवा त्रास देतो म्हणून काही जण हवा न भरताच ते रिसेट दाबतात. दिवा विझतो खरा, पण यंत्रणेने आता कमी दाबालाच योग्य दाब मानलेले असते. यापुढे टायर आणखी बसेपर्यंत ती गप्प राहील. ताप उतरला की नाही हे न पाहता थर्मामीटरवर खूण हलवण्यासारखा हा प्रकार आहे.

स्थिर दिवा, लुकलुकणारा दिवा

दिवा कसा लागला, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. गाडी सुरू केल्यावर तो एखाद-दोन क्षण लागून विझतो, ती केवळ स्वतःची चाचणी असते. चालताना लागून स्थिर राहिला तर कोणत्या तरी चाकात हवा कमी आहे. सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ हवेचा नव्हे, यंत्रणेचा बिघाड असा असतो: एखादा सेन्सर उत्तर देत नाही, त्याची बॅटरी संपली आहे किंवा सेन्सर नसलेले चाक बसवले आहे. हा फरक माहीत नसल्याने चांगल्या टायरात पुन्हा पुन्हा हवा भरून घेणारे चालक भेटतात.

अमेरिकी नियमानुसार गाडीवर लिहिलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली गेल्यावर, तर युरोपीय नियमानुसार २० टक्के खाली गेल्यावर दिवा लागला पाहिजे. म्हणजे ३२ पॉइंट हवा अपेक्षित असेल तर दिवा पेटतो तेव्हा ती २४ ते २६ पॉइंटांच्या घरात गेलेली असते. याचा उलटा अर्थ असा, की दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे असे नव्हे. २८ पॉइंटवर गाडी अंग टाकून धावत असते आणि डॅशबोर्ड शांत असतो.

चालत्या गाडीत स्थिर दिवा लागला, तर ब्रेकवर एकदम पाय देऊ नये. स्टिअरिंग घट्ट पण सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा, इंडिकेटर देऊन डाव्या कडेला यावे आणि शक्य तर पुढचा पेट्रोल पंप, ढाबा किंवा टोलनाक्याजवळची मोकळी जागा गाठावी. गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग जड लागत असेल किंवा मागचा भाग डोलत असेल तर मात्र पुढच्या पंपाची वाट पाहू नये. आकडे दाखवणाऱ्या गाडीत एका चाकाचा आकडा डोळ्यांदेखत उतरत असेल तर ते पंक्चर आहे. चारही आकडे थोडे थोडे कमी असतील तर ती हवामानाची किंवा आळसाची करामत. चौपदरी रस्त्यावर थांबताना उजव्या बाजूचे चाक पाहण्यासाठी वाहतुकीच्या दिशेला उभे राहणे टाळावे. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री मागे दिवा नसताना धावतात, हे जिल्ह्यातील चालकांना वेगळे सांगायला नको.

उन्हाळा, हवा आणि एक जुना गैरसमज

मराठवाड्यात हवेबाबत एक समज फार खोल रुजला आहे. 'उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन-चार पॉइंट कमीच ठेवा.' पंक्चरवाले सांगतात, जुने चालक सांगतात, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की ते ऐकणाऱ्याला पटतेही. वास्तविक टायर फुटण्याच्या दृष्टीने याहून वाईट सल्ला शोधून सापडणार नाही. त्यामागचे गणित थोडे विस्ताराने पाहू.

बंद भांड्यातील हवेचा दाब तिच्या तापमानाबरोबर वाढतो, हे शाळेत शिकवले जाते. मात्र तो हिशेब निरपेक्ष तापमानाचा व निरपेक्ष दाबाचा असतो. समजा, धाराशिवमध्ये सकाळी २२ अंश तापमान असताना टायरमध्ये ३२ पॉइंट हवा भरली. दुपारी तापलेल्या डांबरावरून सोलापूर गाठेपर्यंत टायरमधील हवा ६२ अंशांपर्यंत गेली, तर गेजवर साधारण ३८ पॉइंट दिसतील. म्हणजे सहा पॉइंटांची वाढ. टायर बनवणाऱ्याने ही वाढ गृहीत धरलेलीच असते. गाडीच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला दाब हा 'थंड' टायरचा दाब असतो, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतरचा. धड असलेले टायर ३८ किंवा ४० पॉइंटांनी फुटत नाही. त्याची ताकद त्याच्या कितीतरी पट असते.

टायर फुटते ते आतून भाजल्याने. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजूची भिंत अधिक दबते आणि पुन्हा सरळ होते. तार हातात धरून सारखी वाकवली की वाकण्याच्या जागी ती गरम होते, तसेच हे. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने चाक सेकंदाला तेरा-चौदा फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात रबर व त्यातील धाग्यांचे थर एकदा चेपले जातात. त्यातून निघणारी उष्णता बाहेर पडायला वाव मिळाला नाही की थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मग ते टायर कोणत्याही क्षणी जाते. फायरस्टोन प्रकरणातही कमी हवा, उन्हाळा आणि वेग यांचा संगम झाला होता. तेव्हा उन्हाळ्यात दोन पॉइंट कमी ठेवणारा चालक टायरला वाचवत नसून त्याला अधिक चेपण्याची सोय करून देत असतो.

याच समजाचा दुसरा भाग म्हणजे दुपारी गरम टायर तपासून 'जादा' हवा काढून टाकणे. वरच्याच उदाहरणात ३८ पॉइंट दिसले म्हणून सहा पॉइंट सोडले आणि गेजवर ३२ करून चालक समाधानाने घरी गेला, असे धरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच २२ अंशांना त्या टायरमध्ये जेमतेम साडेसव्वीस पॉइंट हवा असेल. हिवाळ्यात पहाटे पारा दहा अंशांवर आला तर ती २५ च्याही खाली जाईल आणि पिवळा दिवा लागेल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दिवा लागतो आणि पाच-दहा किलोमीटर गेल्यावर आपोआप विझतो, अशी तक्रार ऐकू येते ती यामुळेच. सेन्सर बिघडलेला नसतो. टायर गरम होऊन दाब वर सरकलेला असतो. दिवा विझला म्हणून हवा भरायची राहून जाते, हा त्यातला खरा धोका. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पॉइंट हवा आपोआप झिरपते, हेही हिशेबात धरावे.

डॅशबोर्डवरील आकडा व पंक्चरवाल्याच्या गेजचा आकडा जुळत नाही म्हणून सेन्सरला दोष देणारेही पुष्कळ आहेत. एक-दोन पॉइंटांचा फरक मनावर घेऊ नये. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. मुंबईत भरलेली हवा येथे साध्या गेजवर एखाद्या पॉइंटने जास्त दिसते, कारण बाहेरच्या वातावरणाचा दाब तेवढा कमी असतो. काही सेन्सर समुद्रसपाटीचा दाब गृहीत धरून आकडा देतात, त्यामुळे तो फरक तेथे दिसत नाही. शिवाय पंक्चरच्या दुकानातील वर्षानुवर्षे आपटलेला गेज स्वतःच किती खरा, हा प्रश्न उरतोच. स्वतःचा एक बरा डिजिटल गेज गाडीत ठेवणे चारशे-पाचशे रुपयांचे काम आहे. लाखोंची गाडी घेणारा माणूस येथे का कचरतो, हे कोडेच आहे. परदेशी गाड्यांत दाब 'बार' या एककात दाखवला जातो. एक बार म्हणजे साडेचौदा पॉइंट, त्यामुळे २.२ बार हे ३२ पॉइंट आणि २.५ बार हे ३६ पॉइंट समजावेत.

स्पोर्ट्‌स कारचे वेगळेपण

बोलेरोच्या २१५/७५ आर १५ या टायरची बाजूची भिंत सुमारे १६ सेंटिमीटर उंच असते. २०१९ पासूनच्या पिढीतील पोर्शे ९११ कॅरेराचे मागचे टायर २९५/३५ आर २० मापाचे असते आणि त्याची भिंत दहा सेंटिमीटरच्या आसपास. पुढचे २३५/४० आर १९ त्याहूनही ठेंगणे. रुंदी मोठी आणि भिंत बुटकी, अशा टायरमध्ये हवा निम्म्याने गेली तरी डोळ्यांना ते भरलेलेच दिसते. बोलेरोचे टायर बसले की पोराटोरांनाही कळते. स्पोर्ट्‌स कारचे टायर लाथ मारून पाहण्याचा आपला पारंपरिक उपाय येथे पूर्णपणे निरुपयोगी आहे. दुसरीकडे, खड्ड्याचा दणका या बुटक्या भिंतीला थेट रिमपर्यंत बसतो. रिमला बारीक बाक आला की टायर व रिम यांच्या सांध्यातून हवा हळूहळू झिरपते. खिळा सापडत नाही, पंक्चर सापडत नाही आणि दर आठवड्याला दिवा लागतो. अशा वेळी चाक काढून साबणाच्या पाण्यात आतली कडही तपासून घ्यावी. भिंतीवर फुगवटा दिसला तर मात्र तपासणी नको, टायर बदलावे.

पुढच्या आणि मागच्या चाकांचे माप वेगळे असल्याने त्यांचा दाबही वेगळा असतो. इंजिन मागे असलेल्या गाडीत मागे जास्त हवा लागते. 'चारही चाकांत ३२ मारा' ही आपली ठरलेली ऑर्डर येथे चुकीची ठरते आणि मग दिवा लागतो. पोर्शेसारख्या गाडीत आणखी एक पायरी असते: टायरचा प्रकार, त्याचे माप आणि गाडीत माणसे किती, हे पडद्यावरील यादीतून निवडावे लागते. नवे टायर बसवून ही निवड जुनीच राहिली, तर हवा काटेकोर असूनही यंत्रणा ती कमीच मानते. सोलापूर किंवा पुण्यापर्यंत गाडी न्यायच्या आधी ही यादी एकदा उघडून पाहण्यास काहीच खर्च नाही.

या गाड्या फार कमी धावतात, हीही एक अडचण. टायरवरील नक्षी नवी दिसते, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या भिंतीवर चार अंकी आकडा असतो. २३१८ म्हणजे २०१८ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेले. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, हा नियम. पण उभ्या राहून म्हाताऱ्या झालेल्या टायरवर खोली पुरेशी असूनही विश्वास टाकता येत नाही. सेन्सरची बॅटरीही वयाने संपते. ती सेन्सरच्या आत बंदिस्त असते, पाच ते दहा वर्षे चालते आणि बहुधा बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. गाडी उभी असताना हे सेन्सर झोपलेले असतात आणि चाक ठराविक वेगाने फिरू लागल्यावर जागे होतात. त्यामुळे हवा भरल्यावर दिवा जागच्या जागी विझला नाही तर घाईने निष्कर्ष काढू नये. काही किलोमीटर गाडी चालवून पाहावी.

पंक्चरच्या दुकानात

सेन्सर मोडतो तो बहुतेक वेळा रस्त्यावर नव्हे, दुकानात. टायर उतरवताना पहार किंवा मशीनचे पाते व्हॉल्व्हच्या शेजारी घुसले की आतला सेन्सर कडकन तुटतो. म्हणून टायर काढण्यापूर्वीच 'आत सेन्सर आहे' हे दुकानदाराला स्पष्ट सांगावे आणि पाते व्हॉल्व्हपासून दूर लावायला लावावे. पहारीने टायर उतरवणाऱ्या दुकानात स्पोर्ट्‌स कारचे चाक देऊच नये. जिल्ह्यात टायर उतरवण्याची मशीन असलेली दुकाने आता आहेत, थोडे अंतर जास्त पडले तरी तेथेच जावे.

अनेक सेन्सरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असतो. त्यात साधी पितळी पिन बसवली की दोन धातूंमध्ये ओलाव्याच्या संगतीने रासायनिक क्रिया होते, पिन आत जाम होते आणि पुढे ती काढताना व्हॉल्व्हच मोडतो. त्यासाठी निकेलचा मुलामा दिलेली पिन लागते. धातूची टोपीही याच कारणाने टाळावी, प्लॅस्टिकची चांगली. पाच रुपयांच्या पिनेपायी काही हजारांचा सेन्सर जाऊ शकतो.

नवा सेन्सर बसवल्यावर त्याचा क्रमांक गाडीला ओळखीचा करून द्यावा लागतो. काही गाड्या थोडे अंतर धावून तो आपोआप शिकतात, काहींना त्यासाठी विशेष उपकरण लागते. चाकांची अदलाबदल केल्यावर डॅशबोर्डने पुढच्या डाव्याऐवजी मागचे उजवे चाक दाखवले, तर कारण हेच.

पंक्चर काढताना बाटलीतील फेस वापरला असेल तर तेही दुकानदाराला सांगावे. हा द्रव सेन्सरच्या छिद्रात जाऊन वाळतो आणि मग आकडा चुकीचा येतो किंवा येतच नाही. फेस हा जवळच्या दुकानापर्यंत पोहोचण्याचा उपाय आहे, तोही साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत. भिंत फाटली असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही. बाटलीवर मुदतीची तारीख असते. अनेक गाड्यांत ती कधीच उलटून गेलेली आढळेल.

दिवा अधूनमधून लागून जात असेल आणि हवा ठीक असेल, तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावलेला स्वस्तातला मोबाइल चार्जर किंवा डॅशकॅम काढून पाहावा. त्यांच्या रेडिओ गोंधळात सेन्सरचा क्षीण आवाज हरवतो. बाजारात व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसवायचे सेन्सर मिळतात. साध्या गाडीला ते नसण्यापेक्षा बरे. स्पोर्ट्‌स कारच्या वेगात मात्र रबरी व्हॉल्व्हच्या टोकावरचे ते वजन बाहेरच्या बाजूला ओढले जाते आणि व्हॉल्व्हच्या मुळावर ताण येतो. तेथे ते लावू नयेत. नायट्रोजनबद्दल एवढेच, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो व थोडा सावकाश झिरपतो, पण उष्णतेने तोही साध्या हवेइतकाच फुगतो. नायट्रोजन भरलेल्या टायरात अडचणीच्या वेळी साधी हवा भरण्यास कोणतीही हरकत नाही. नायट्रोजनचे दुकान सापडेपर्यंत कमी हवेवर गाडी चालवणे मात्र धोक्याचे आहे.

हवा तपासण्याची वेळ सकाळची, गाडी घराबाहेर दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त न चाललेली असताना. पेट्रोल पंपांवर हवा भरून देणे ही तेल कंपन्यांच्या नियमांनुसार द्यायची मोफत सुविधा आहे. 'मशीन बंद आहे' हे उत्तर मिळाले तर पंपावरील तक्रारवही मागावी. ती ग्राहकाला उपलब्ध करून देणे पंपचालकावर बंधनकारक आहे.